सात दिवस, पंचाहत्तर हजार कोटी

दर डिसेंबरला थंडीबरोबर नागपुरात एक वादही उतरतो. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालयातल्या फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये भरून विदर्भाकडे निघतात, रविभवन आणि नागभवनातल्या बंगल्यांना रंग लागतो, राज्यभरातून पोलीस बंदोबस्ताला बोलावले जातात, आणि मग हिशेब मांडायला सुरुवात होते. रंगाचे किती, गाद्यांचे किती, चहापानाचे किती, विमानाच्या तिकिटांचे किती. या पैशात किती शाळाखोल्या झाल्या असत्या, असा प्रश्न एका बाजूने येतो. दुसऱ्या बाजूने २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार पुढे केला जातो: विदर्भ महाराष्ट्रात आला तो वर्षातून एक अधिवेशन नागपुरात होईल या शब्दावर, तेव्हा खर्चाचे नाव काढू नका. आठ-पंधरा दिवस हा सामना रंगतो आणि मंत्र्यांच्या गाड्या परत फिरल्या की विरून जातो.

दोन्ही बाजू चुकीच्या आकड्यावर भांडत आहेत. २०२५ चे हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर असे सात दिवसांचे झाले. त्यात ७५,२८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या. साधा भागाकार केला तर दिवसाला पावणेअकरा हजार कोटी. अधिवेशनाच्या व्यवस्थेवर १०० कोटी गेले असे धरा, वाटल्यास २०० धरा. त्या रकमेकडे डोळे वटारून पाहणारे आपण पंचाहत्तर हजार कोटींच्या मागण्यांच्या पुस्तकाचे पानही उलटत नसू, तर तिजोरीची राखण कसली करतो आहोत? नागपूरला जाणे ही उधळपट्टी नव्हे. तिथे जाऊन सात दिवसांत परत येणे, ही आहे.

आमदारांच्या पगाराचेही तेच. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, मिळून ३६६. पगार, भत्ते, स्वीय सहायक, प्रवास असे सगळे धरून प्रत्येकावर महिन्याला ५ लाख रुपये जातात असे सढळ हाताने गृहीत धरले, तरी वर्षाचे सुमारे २२० कोटी होतात. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. म्हणजे १०० रुपयांतले ३ पैसे. उद्यापासून सगळे आमदार फुकट काम करू लागले तरी उरलेल्या ९९ रुपये ९७ पैशांचे काय होते, हा प्रश्न जिथल्या तिथे राहील. सभागृह बंद पडले की ‘मिनिटाला इतके लाख पाण्यात’ असा हिशेब मांडणाऱ्यांचीही गल्लत इथेच होते. गोंधळात वाया गेलेल्या मिनिटाची किंमत फार तर वीज, पगार आणि भत्त्याइतकी. शांततेत, न वाचता, आवाजी मतदानाने गेलेले मिनिट कितीतरी महाग पडते, आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

या रागाला आधार नाही असे मात्र म्हणता येणार नाही. राज्यकर्त्यांची राहणी हा त्यांच्या वृत्तीचा पुरावा असतो. पीकविम्याच्या पैशासाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला बंगल्यातले नवे पडदे दिसतात, तेव्हा त्याच्या संतापात द्वेष शोधणे हा निगरगट्टपणा होईल. शितावरून भाताची परीक्षा होते, हेही खरे. पण शीत दाबून पाहिले, भात कच्चा आहे हे कळले, आणि तरीही सगळे जण त्या एका शितावरच तावातावाने बोलत राहिले, तर पातेल्याकडे पाहायचे कोणी?

पातेले म्हणजे काय, ते नीट पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे सरकार खर्चाचे अंदाज मागण्यांच्या रूपाने विधानसभेपुढे ठेवते. विधानसभा मागणी मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. विधान परिषदेला चर्चा करता येते, मत देता येत नाही. मागण्या मंजूर झाल्यावर अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक येते आणि ते संमत झाल्याखेरीज राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. वर्षाच्या मध्ये तरतूद अपुरी पडली किंवा अर्थसंकल्पात नसलेली नवीन बाब उभी राहिली, तर अनुच्छेद २०५ पुरवणी मागणीची वाट देतो. मंजुरीपेक्षा जास्त खर्च होऊन गेलाच असेल, तर तो नियमित करून घेण्याची तरतूदही त्याच अनुच्छेदात आहे. आणीबाणीच्या खर्चासाठी अनुच्छेद २६७ खाली आकस्मिकता निधी आहे: आधी त्यातून उचलायचे, मग पुरवणी मागणी करून भरपाई करायची. म्हणजे घटनाकारांनी अडीअडचणीचा विचार पुरता केलेला आहे. पुरवणी मागणी ही अपवादाची वाट. आपल्याकडे तिचा हमरस्ता झाला.

२०२४ चे उदाहरण घ्या. लोकसभा निवडणुकीमुळे त्या वर्षी फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला. त्यानंतर अकराव्या दिवशी, ९ जुलैला, त्याच सरकारने त्याच सभागृहात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या ठेवल्या. अकरा दिवसांत असे कोणते आभाळ फाटले होते? त्यातले २५ हजार कोटी लाडकी बहीण योजनेसाठी होते, आणि ती योजना तर २८ जूनच्याच भाषणात, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असे सांगून जाहीर झाली होती. पुढे डिसेंबरात ३५,७८८ कोटी आणि मार्च २०२५ मध्ये ६,४८६ कोटी. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या वर. मूळ अर्थसंकल्प ६ लाख १२ हजार कोटींचा. ज्या घराचे वर्षाचे अंदाजपत्रक दर पाच रुपयांमागे एका रुपयाहून जास्त चुकते, त्या घरात मूळ अंदाजपत्रक मांडण्याचा सोहळा तरी कशाला करायचा?

सरकारी बाजूचे उत्तर तयार असते आणि त्यातला काही भाग वजनदार आहे. पहिले, पुरवणी मागण्यांचा एकूण आकडा आणि निव्वळ भार या दोन वेगळ्या गोष्टी. केंद्राच्या योजनेचा हिस्सा राज्याकडे आला की तो खर्ची टाकण्यासाठीही विधानसभेची मंजुरी लागते. त्यात राज्याच्या खिशातून नवे काही जात नाही. एका लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या एका खात्यातून, दुसऱ्यात वळवलेली रक्कमही मागणीत पूर्ण दिसते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातल्या ५७,५०९ कोटींच्या मागण्यांत निव्वळ भार ४०,६४४ कोटींचा होता. दुसरे, आपत्ती सांगून येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या, सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, आणि त्याचा भार डिसेंबरच्या मागण्यांत येणारच होता. त्यावर कोणी ‘आधी का नाही सुचले’ असे विचारले तर तो वेडगळपणा ठरेल. तिसरे, वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा मोठा वाटा संपतो. त्यात काटछाट करणार कुठे?

हे सगळे मान्य केल्यावरही मूळ प्रश्न हलत नाही. ५७ हजार कोटींतला निव्वळ भार ४० हजार कोटी निघाला, तर तो काय किरकोळ झाला? अतिवृष्टीची मागणी खरीच आहे, म्हणून तर ती त्याच पुस्तकातल्या शेकडो बाबींच्या गर्दीत बसवणे घातक: पूरग्रस्तांच्या आडोशाने सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि कमानीही मंजूर होतात, आणि विरोध करणारा आमदार शेतकरीविरोधी ठरतो. वेतन-व्याजात हात घालता येत नाही, हा मुद्दा तर उलट्या बाजूने लागू पडतो. जिथे मोकळा पैसा थोडा आहे, तिथे तो वापरताना जास्त डोळस असायला हवे. आणि पुरवणी तरतूद गरजेपोटीच घेतली जाते म्हणावे, तर महालेखापालांचे राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचे अहवाल वर्षानुवर्षे तीच नोंद करतात: विभागाने वर्षाच्या मध्ये वाढीव तरतूद मागून घेतली आणि वर्षअखेरीस एकूण खर्च मूळ तरतुदीइतकाही झाला नाही. न जेवणाऱ्याने दुसऱ्यांदा पान वाढून घेतले, आणि त्याच पंगतीत दुसरा उपाशी उठला.

पुरवणी मागण्यांचे पुस्तक वाचणे वाटते तितके अवघड नाही. प्रत्येक बाबीपुढे लेखाशीर्ष असते आणि त्याचा पहिला अंक बरेच काही सांगून जातो. २ किंवा ३ ने सुरू होणारे शीर्ष महसुली खर्चाचे, ४ किंवा ५ भांडवली खर्चाचे, ६ किंवा ७ कर्ज-आगाऊ रकमांचे. २०४९ म्हणजे व्याज, २०७१ म्हणजे निवृत्तिवेतन, २२१० आरोग्य, ५०५४ रस्ते-पुलांचा भांडवली खर्च. या सगळ्यांत गावोगावी तोंडपाठ असलेले शीर्ष मात्र एकच: २५१५. कागदोपत्री ते ‘इतर ग्रामविकास कार्यक्रम’. व्यवहारात त्यातले १२३८ हे उपशीर्ष म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे. सरपंचाला घटनेतले अनुच्छेद माहीत नसतील, पण ‘पंचवीस-पंधरातून’ काम कसे आणायचे हे तो झोपेतही सांगेल. सभागृहात मागण्यांची छाननी का होत नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे. ज्याच्या मतदारसंघातली कामे त्या पुस्तकात आहेत, तो ते पुस्तक कशासाठी चाळेल? आपले गाव आले की नाही एवढे पाहण्यासाठी.

गाव येते, काम मात्र होत नाही, आणि खरी नासाडी तिथे घडते. समजा १० कोटींचा रस्ता मंजूर झाला आणि पुस्तकात त्याला १ कोटीची, कधी तर नुसती लाक्षणिक तरतूद मिळाली. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हे सोपस्कार उरकतात, नारळ फुटतो, फलक लागतो. ठेकेदार जुना रस्ता उखडतो, खडीचा थर पसरतो, मुरूम टाकून दाबतो आणि पहिले बिल कार्यकारी अभियंत्याकडे देतो. बीम्स या सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर त्या शीर्षाखाली वितरित झालेला निधी विभागातल्या सगळ्या कामांत वाटायचा असल्याने त्याच्या वाट्याला बिलाचा तुकडा येतो. तो काम थांबवतो. वर डांबराचा थर नसल्याने पहिल्या दोन पावसांत मुरूम वाहून जातो, खडी सुटी होते, वाहनांच्या चाकांखाली विखुरते. पुढच्या वर्षी तोच थर पुन्हा घालावा लागतो. दर बदललेले असतात, भाववाढीचे कलम लागू होते आणि मग येते ती ‘सुप्रमा’, सुधारित प्रशासकीय मान्यता. यात कोणी एक पैसा खाल्ला नाही असे घटकाभर धरले, तरी एका रस्त्याची किंमत दीड रस्त्याइतकी होते. थकीत बिलांचा आकडा ८० ते ९० हजार कोटींच्या घरात असल्याचे ठेकेदारांच्या संघटना २०२५ मध्ये सांगत होत्या. तो संघटनांचा दावा आहे. पण दावा अर्धा जरी खरा असला, तरी एवढी कामे तरतुदीशिवाय कोणी आणि कोणत्या अधिवेशनात मंजूर केली?

सुप्रमा या शब्दाची खरी महती पाटबंधारे खात्यात कळते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरचा गोसीखुर्द प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला तेव्हा त्याचा अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ मध्ये पायाभरणी झाली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि २०१६ च्या सुप्रमात आकडा १८,४९४ कोटींवर गेला. महागाई, भूसंपादनाचे वाढलेले दर, पुनर्वसन ही कारणे खोटी नाहीत. पण ती कारणे वाढायला वेळ मिळाला तो काम रखडल्यामुळे, आणि काम रखडण्याचे एक मोठे कारण असे की, त्या दशकांत राज्याने एकाच वेळी शेकडो प्रकल्पांची खोदाई काढली आणि प्रत्येकाला घोटभर पाणी पाजत राहिले. नागपूरच्या विधानभवनापासून हे धरण शंभरएक किलोमीटरच्या टप्प्यात आहे. दर हिवाळ्यात सभागृह त्याच्या शेजारी येऊन बसते, पडद्यांच्या खर्चावर वाद घालते आणि परत जाते.

अशा वेळी चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र आठवते. आपण त्यातल्या रयतेच्या कळवळ्याचा गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण मुळात ते पत्र पुरवठ्याच्या नियोजनाचे आहे. पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवली आहे. ती आत्ताच मन मानेल तशी उडवलीत, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणाचे दाणे, कोणाची भाकर, कोणाचे गवत उचलाल, आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील. इतकेच नव्हे, तर रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथवर ते पत्र जाते. वर्षाच्या सुरुवातीला साठा मोजा, ऋतूप्रमाणे वाटून घ्या, आणि गळतीची लहान वाट आधी बुजवा. पावसाळी अधिवेशनात दरवर्षी पुरवणी मागणी मांडणारे आपण त्या पत्राचे नुसते पूजक उरलो आहोत.

आता सगळ्यात चोख आक्षेप. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला. पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. मागणी फेटाळली गेली तर सरकारच पडेल, म्हणून सत्ताधारी आमदार विरोधात मत देणार नाही, आणि विरोधकांकडे संख्या नसते. मग सात दिवस बसा नाहीतर सत्तर, निकाल ठरलेला. चर्चेचे नाटक कशाला?

याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने देऊन ठेवले आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात मतदानाचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. आकडे आधीच पक्के झालेले असत. निकाल ठरलेला असणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही ते शिलकीच्या अर्थसंकल्पाची उलटतपासणी करत गेले. १८९३ मध्ये टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव चढवला, त्यामुळे विलायतेला पाठवायच्या रकमेचा रुपयांतला बोजा हलका झाला. पण अडचणीच्या काळात वाढवलेले कर तसेच चालू राहिले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ सोसलेल्या रयतेच्या खिशातून ही ‘शिल्लक’ उभी राहिली, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. श्रेय त्यांच्या एकट्याचे नव्हे, पण मताशिवायही शब्दाला वजन येते हे त्यातून दिसले. मत नसलेला माणूस वाचून येत होता. आज मत आहे, वाचन गेले.

आमदाराकडे अभ्यासाला माणसे नाहीत, एक स्वीय सहायक असतो आणि तो बदल्यांच्या अर्जांत व लग्नपत्रिकांत बुडालेला असतो, ही तक्रार खरी आहे. गोखल्यांकडेही कार्यालय नव्हते. त्यांच्यामागे गणेश व्यंकटेश जोशी होते, सरकारी शाळेत मुख्याध्यापकी केलेले, आकड्यांत रमणारे गृहस्थ. या राज्यात अर्थशास्त्राच्या, सांख्यिकीच्या निवृत्त प्राध्यापकांची, लेखा व कोषागार सेवेतून निवृत्त झालेल्यांची वाण आहे का? विधिमंडळाने प्रत्येक विभागाच्या मागण्यांसाठी अशा दोघा-तिघांना मानधनावर बसवले, तर ज्या चहापानावरून आपण भांडतो त्यापेक्षा जास्त खर्च यायचा नाही. सदस्यांच्या पगारवाढीला एकमत होते, आणि असल्या मदतनिसांचा प्रस्ताव मात्र लोक काय म्हणतील म्हणून पुढे येत नाही. पगारावरच्या सरसकट रागाने नुकसान होते ते असे.

वेळच नसतो म्हणावे, तर कशाला वेळ होता तेही पाहा. डान्सबार बंद करण्यासाठी या विधिमंडळाने २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. ती उच्च न्यायालयात टिकली नाही, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. जून २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली, तीही चर्चेविना एकमताने. तिला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये वेगळा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही अनेक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. अकरा वर्षांत तीन कायदे, चौदा वर्षे कज्जे. डान्सबार असावेत की नसावेत यावर माझे काही म्हणणे नाही. पहिल्या निकालातली कारणे शांतपणे वाचून दुसऱ्या विधेयकाचा मसुदा एखाद्या समितीकडे दोन महिने सोपवला असता, तर इतके वकील पोसावे लागले नसते. कायदा असो की मागणी, घाईची सवय एकच.

दिल्लीतही फार वेगळे चित्र नाही. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा २३ मार्च २०२३ ला लोकसभेने गोंधळात, चर्चेशिवाय, सगळ्या मागण्या गिलोटिनखाली घालून, म्हणजे एकगठ्ठा मताला टाकून, मंजूर केल्या. २०२३ चा आकडा ४५ लाख कोटींचा होता. २००४ आणि २०१३ सालीही असेच घडले होते, तेव्हा कोणा एका पक्षाकडे बोट दाखवायची सोय नाही. तरी संसदेत एक गाळणी आहे: १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या मागण्या मतदानाआधी तपासतात, मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारतात आणि अहवाल देतात. केरळने तर विषय समित्या १९८० मध्येच सुरू केल्या. आपल्याकडे लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, सार्वजनिक उपक्रम समिती आहे. पण मागणी मतदानाला येण्यापूर्वी समितीसमोर तपासली जाण्याची रुजलेली रीत नाही. लोकलेखा समिती पाहते तो खर्च झालेला असतो आणि त्यावरचा अधिकारी बहुधा निवृत्त झालेला असतो.

लाडकी बहीण योजनेवरचा वादही याच नजरेने पाहायला हवा. एक बाजू तिला रेवडी म्हणते, दुसरी गरीब बाईच्या हातातले पंधराशे रुपये तुम्हाला खुपतात का असे विचारते. मला दुसऱ्या बाजूचा प्रश्न रास्त वाटतो; थेट खात्यात जाणारा पैसा ठेकेदारामार्गे जाणाऱ्या पैशापेक्षा बरा. पण जुलै २०२५ मध्ये, म्हणजे हप्ते सुरू होऊन वर्ष होत आले असताना, २६ लाख ३४ हजार लाभार्थी प्रथमदर्शनी अपात्र असल्याचे खुद्द महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केले. महिन्याला दीड हजार प्रमाणे ही रक्कम ३९५ कोटी होते. एका महिन्याची. त्यातले काही जण फेरतपासणीत पात्र ठरतीलही. पण ३६६ आमदारांवर आपण वर्षाला धरलेले २२० कोटी आठवा आणि सांगा, राग कुठे खर्च करायला हवा होता? अर्जांची पडताळणी कशी करणार, शिधापत्रिका आणि आयकराची माहिती कोण जुळवणार, एका घरात किती जणी, हे प्रश्न ९ जुलै २०२४ च्या मागणीवर विचारता आले असते. ते विचारणारा आमदार बहिणींचा वैरी ठरला नसता. उलट, वर्षभर हप्ता मिळून तो अचानक थांबल्याचा धक्का अनेकींना बसला नसता.

मार्चअखेरचा गोंधळ हा याच साखळीचा शेवटचा दुवा. डिसेंबरात मंजूर झालेली रक्कम वितरित होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, आणि ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. मग कोषागारात बिलांचे गठ्ठे, जिल्हा नियोजनातून घाईने खरेदी केलेली यंत्रे, गरज नसलेल्या शाळांत पोचलेले संगणक. तेही न जमल्यास रक्कम काढून स्वीय प्रपंजी लेख्यात, अधिकाऱ्याच्या नावच्या वेगळ्या सरकारी खात्यात, ठेवायची, म्हणजे कागदावर खर्च झाली आणि प्रत्यक्षात पडून राहिली. केंद्राने निदान शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के अशी खर्चाची मर्यादा घालून घेतली आहे, आणि वर्षअखेरची खर्चाची झुंबड हा वित्तीय शिस्तीचा भंग मानावा असे केंद्राच्या वित्तीय नियमांतच लिहिले आहे.

तेव्हा अधिवेशन नागपुरात की मुंबईत, हे सोडून मागणी एकच करावी: पुरवणी मागण्यांचे पुस्तक सभागृहात आल्यापासून मतदानापर्यंत किमान दहा पूर्ण दिवस गेले पाहिजेत, आणि प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने छापलेले असले पाहिजेत: मूळ तरतूद किती होती, त्यातली आजवर बीम्सवर किती खर्च दिसते, आणि या कामाचे आधीचे देणे किती बाकी आहे. आपत्तीच्या मदतीला दहा दिवसांची अट नको. तिचे वेगळे पुस्तक काढा, ते त्याच दिवशी मंजूर करा. हे तिन्ही आकडे विभागांच्या संगणकात आजही आहेत, नवे काही गोळा करायचे नाही. कामकाज नियमांत एवढी दुरुस्ती झाली, की सात दिवसांच्या अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर करून घेणे नियमानेच अशक्य होते. पैसे हवे असतील तर सरकारला सुमारे दोन आठवडे नागपुरात बसावे लागेल. गाद्या, पडदे आणि चहापानाचा खर्च त्याने नक्की वाढेल, आणि त्या वाढीव बिलावर मी तरी खळखळ करणार नाही.